कीव्हचा ताप, न्हावा शेवाची रांग

2017 च्या जूनचे शेवटचे दिवस. पाऊस लागून राहिला होता आणि ओपीडीत नेहमीचे पावसाळी रुग्ण होते. ताप, जुलाब, चिखलात भिजून कुजलेली पायाची बोटे. त्यात एक ट्रेलरचालक आला. वय पंचेचाळिशीच्या आसपास, गाव बीडकडचे. तोंडाला कोरड पडलेली, डोळे आत गेलेले, साखर 400 च्या वर. मधुमेह जुना, पण गोळ्या संपल्या होत्या.

"दादा, गोळ्या संपल्या तेव्हाच का नाही आलात?"

"कसा येणार मॅडम? गाडी लाइनीत. लाइन सोडली की नंबर गेला."

"एवढी कसली लाइन?"

"पोर्टातला कंप्युटर आजारी पडलाय म्हणतात. व्हायरस शिरलाय."

माझ्या टेबलावर डेंगीच्या तपासणीचे कागद पसरलेले होते, त्यामुळे तो शब्द ऐकून मला हसू आले. सलाइन लावले, इन्शुलिन सुरू केले, दोन दिवसांनी तो आपल्या गाडीकडे गेला. केसपेपरवर मी 'औषध खंडित झाल्याने साखर वाढली' असे लिहिले. ते खरेच होते, पण कारण तिथे सुरू होत नव्हते. ते कुठे सुरू झाले हे मला पुढे वर्षभर तुकड्यातुकड्याने वाचायला मिळाले. आज या सदरात तेच सांगायचे आहे, कारण या गोष्टीत लष्कर आहे, गणित आहे आणि शेवटी रुग्णालयही आहे.

27 जून 2017 हा युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदला दिवस. त्या देशात बहुतेक व्यावसायिक कर भरण्यासाठी आणि हिशेबासाठी 'एम.ई.डॉक' नावाचे एक सॉफ्टवेअर वापरत. ते बनवणाऱ्या छोट्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये घुसखोर आधीच शिरले होते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आपोआप पोचवण्याची जी सोय असते, त्याच वाटेने त्यांनी एक घातक प्रोग्राम हजारो संगणकांत सोडला. वरवर तो खंडणी मागणारा होता, 300 डॉलर द्या आणि फायली परत घ्या असा. प्रत्यक्षात पैसे दिले तरी फायली परत येणार नव्हत्या. तो फक्त नाश करत होता. 'पेट्या' नावाच्या जुन्या खंडणीखोर प्रोग्रामसारखा दिसतो, पण तो नव्हे, म्हणून त्याचे नाव पडले 'नॉटपेट्या'.

युक्रेनमधल्या बँका, विमानतळ, सरकारी खाती एकामागून एक बंद पडली. चेर्नोबिलच्या अणुकेंद्रात किरणोत्साराची मोजणी माणसांना हाताने करावी लागली. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या ओडेसा बंदरातल्या कार्यालयात एका संगणकावर तेच हिशेबाचे सॉफ्टवेअर होते. पुढे छापून आले ते असे, की मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात शिरायला तो एक संगणक पुरला. कोपनहेगनच्या मुख्यालयात पडदे काळे झाले. मर्स्कच्या कुटुंबातली एपीएम टर्मिनल्स ही कंपनी जगभर बंदरे चालवते. तिच्या 76 पैकी 17 टर्मिनल्सना झळ लागली. त्यांतले एक आपले, न्हावा शेवाचे: जवाहरलाल नेहरू बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडिया. वीस फुटी मापाने मोजले तर वर्षाला 18 लाख कंटेनर हाताळायची त्याची तेव्हाची क्षमता.

संगणक बंद पडला तर क्रेन का थांबावी, असे वाटू शकते. मलाही वाटले होते. बंदरात काम करणाऱ्या एका परिचितांनी समजावले: हजारो सारख्या दिसणाऱ्या पेट्या एकावर एक रचलेल्या असतात. कुठली पेटी कुठे आहे, आधी कुठली उचलायची, कुठल्या ट्रेलरवर ठेवायची, हे कोणाच्याच डोक्यात नसते, फक्त संगणकात असते. आमच्या रेकॉर्ड रूममधल्या सगळ्या केसपेपरांवरची नावे एका रात्रीत पुसली गेली तर काय होईल, तसे. क्रेन धडधाकट, चालक हजर, पण कोणती पेटी कोणाची हे सांगणारे कोणी नाही. हाताने काम करायचा प्रयत्न झाला, गाड्या उभ्या करायला जागा शोधावी लागली, आणि करळ फाट्याच्या बाजूला माझा बीडचा रुग्ण गोळ्यांविना बसून राहिला.

फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने जाहीरपणे सांगितले की हे काम रशियन लष्कराचे आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. रशियाने हात झटकले. म्हणजे आरोप खरा धरला तर ही एक लष्करी कारवाई होती, युक्रेनवर केलेली, आणि तिचा एक जखमी माझ्या वॉर्डात दोन दिवस होता.

साथ आली की आम्ही डॉक्टर विचारतो: जंतू कोणता, माणूस कोणता, आणि वाट कोणती? पहिल्या दोन प्रश्नांवर वैद्यकशास्त्राने शंभर-दीडशे वर्षे घाम गाळला. वाटेचा विचार मात्र बराच काळ ढोबळ राहिला. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो बंदराजवळच्या मांडवीत ओळखला. तो बहुधा हाँगकाँगहून जहाजाने आला होता, आणि पळणाऱ्या लोकांबरोबर आगगाडीने बाहेर पडला. बंदर आणि रेल्वे ही त्याची वाट. हे सगळ्यांना दिसत होते, पण त्या वाटेचे गणित कोणाजवळ नव्हते.

ते गणित गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभे राहिले. त्याला नेटवर्क सायन्स म्हणतात. आपण जाळ्यांचे विज्ञान म्हणू. त्यात दोनच गोष्टी असतात, गाठी आणि दोरे. गाठ म्हणजे माणूस, बंदर, संगणक, स्टेशन, काहीही. दोरा म्हणजे दोघांतला संबंध. उरणजवळ करंजाला वाळत घातलेले कोळ्यांचे जाळे पाहिले तर प्रत्येक गाठीला चारच दोरे दिसतील, सगळ्या गाठी सारख्या. माणसांची, विमानांची, संगणकांची जाळी अशी नसतात. त्यांत बहुतेक गाठींना मोजके दोरे असतात आणि थोड्या गाठींना शेकडो, हजारो. 1999 मध्ये अल्बर्ट-लाझ्लो बाराबाशी आणि रेका अल्बर्ट या दोघांनी अशी जाळी कशी वाढतात याचा एक साधा नियम मांडला: नवी येणारी गाठ आधीच ज्याच्याकडे गर्दी आहे त्यालाच जोडून घेते. नवा ट्रान्सपोर्टवाला आडबाजूच्या धक्क्याला कशाला जाईल, तो न्हावा शेवालाच येणार.

पुढच्याच वर्षी त्यांनी हावूंग जिऑंग या सहकाऱ्यासह 'नेचर'मध्ये दाखवले की अशा जाळ्यातल्या गाठी आंधळेपणाने, चिठ्ठ्या टाकून काढत गेलो तर जाळे बराच काळ टिकते. पण सर्वांत मोठ्या गाठी निवडून काढल्या तर ते लवकर तुकडे-तुकडे होते. अपघात सोसतात, नेम धरून केलेला घाव सोसत नाही. हे वाक्य एका लसीकरण अधिकाऱ्याने वाचले तर त्याला एक गोष्ट सुचेल आणि एका सेनाधिकाऱ्याने वाचले तर दुसरी.

आमच्या बाजूचे आधी सांगते. 2001 मध्ये रोमुआल्दो पास्तोर-सातोरास आणि अलेस्सांद्रो वेस्पिन्यानी हे दोन भौतिकशास्त्रज्ञ संगणकातले व्हायरस इतके चिवट का, हा प्रश्न सोडवत होते. त्यांना दिसले की काही गाठींना अफाट दोरे असलेल्या जाळ्यात अगदी कमी संसर्गक्षम जंतूही टिकून राहतो, मरत नाही. त्याच वर्षी स्वीडनमधल्या एका सर्वेक्षणातून लैंगिक संबंधांचे जाळेही याच जातीचे असल्याचे दाखवले गेले. एचआयव्हीचे काम करणाऱ्यांना हे अनुभवाने आधीच कळले होते. आपल्याकडे हमरस्त्यांवर आणि ट्रक थांबतात त्या ठिकाणी दवाखाने, तपासणी, निरोध वाटप सुरू झाले ते याच समजुतीवर. ट्रकचालक वाईट असतात म्हणून नव्हे. ते दूरदूरच्या गाठी जोडतात म्हणून. (हे दोन्हींतले अंतर कार्यकर्त्यांना पटवण्यात माझ्या उमेदवारीची काही वर्षे गेली.)

मग अडचण अशी, की मोठ्या गाठी ओळखायच्या कशा? गावातल्या प्रत्येकाच्या ओळखींचा नकाशा कोण काढणार? 2003 मध्ये रेऊवेन कोहेन, श्लोमो हाव्हलिन आणि डॅनियल बेन-अव्राहम यांनी एक सुरेख तोड सुचवली. कोणालाही गाठा, त्याच्या ओळखीच्या एकाचे नाव विचारा, आणि लस त्या ओळखीच्याला द्या. ज्याला ओळखी जास्त, त्याचे नाव कोणाच्या ना कोणाच्या तोंडी येण्याची शक्यताही जास्त. नकाशा न काढता तुम्ही मोठ्या गाठींपाशी पोचता. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणात बाळांच्या लसीकरणासाठी असेच केले. गावकऱ्यांना विचारले, एखादी बातमी गावभर व्हायची असेल तर कोणाला सांगावी? ज्यांची नावे आली त्यांनाच लसीकरणाच्या दिवसाचे निरोप पाठवले, आणि लसीला येणारी बाळे वाढली. आमच्या आशाताईंना हे शास्त्र शिकवायला गेलात तर त्या पदर तोंडाला लावून हसतील. कोणत्या घरी सांगितले की आळीभर होते, हे त्यांना पाठ असते.

तर 'आधी कोणाला?' हा आमचा प्रश्न. आता तोच गणवेश घालून विचारा.

खरे तर लष्कराने तो आमच्या आधी विचारला होता. 1955 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलासाठी काम करणाऱ्या रँड या संस्थेत थिओडोर हॅरिस आणि निवृत्त जनरल फ्रँक रॉस यांनी सोव्हिएत संघाकडून पूर्व युरोपकडे जाणाऱ्या रेल्वेचे जाळे कागदावर मांडले: 44 गाठी, 105 दोरे. त्यातून जास्तीत जास्त किती माल जाऊ शकेल, आणि तो अडवायचा तर कमीत कमी कुठे कापावे लागेल, हा हिशेब होता. त्याच विषयावर फोर्ड आणि फल्कर्सन यांनी सिद्ध केलेले प्रमेय आज इंजिनिअरिंगच्या मुलांना निरागस चेहऱ्याने शिकवले जाते. मूळ अहवाल गुप्त होता, 1999 मध्ये तो खुला झाला.

त्याहून आधी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी विमानांनी 1943 च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट शहरावर बाँब टाकले. तर्क जाळ्याचाच होता: रणगाडा असो की विमान, सगळ्यांना बॉल बेअरिंग लागते, आणि जर्मनीतल्या बेअरिंगांचा मोठा वाटा त्या एका शहरात बनतो. ती गाठ तोडली की सगळे थांबेल. 14 ऑक्टोबरच्या एका दिवसात 60 बाँबफेकी विमाने गमावली, प्रत्येकात दहा माणसे. युद्धानंतर अमेरिकेनेच चौकशी केली, तेव्हा निष्कर्ष निघाला की बेअरिंगवरच्या हल्ल्यांनी जर्मनीच्या युद्धउत्पादनावर मोजता येईल असा परिणाम झाल्याचा पुरावा नाही. साठा होता, स्वीडनकडून माल येत होता, कारखाने विखुरले गेले, कमी बेअरिंग लागतील अशी यंत्रे आखली गेली.

हृदयरोगाचे रुग्ण पाहणाऱ्याला यात नवल नाही. धमनी हळूहळू अरुंद होत गेली तर शेजारच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, आडवाटेने रक्त पोचवतात. अँजिओग्राफीत मुख्य वाहिनी पूर्ण बंद दिसते आणि रुग्ण मात्र जिना चढून आलेला असतो. जाळे जिवंत असले की ते स्वतःला शिवते. आपल्या समुद्रातलाच दाखला द्यायचा तर 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटबंदी घातली तेव्हा इंग्रजांनी मोठी जहाजे आणून ते बेट तोडायचा प्रयत्न केला. थळच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या रात्री लहान होड्या उथळ पाण्यातून रसद नेत राहिल्या. एकच मोठे जहाज असते तर ते बुडवता आले असते. पन्नास होड्यांत बुडवायची कोणती?

नेदरलँड्समध्ये 2014 साली गांजाच्या टोळ्यांच्या जाळ्यावर प्रसिद्ध झालेला अभ्यासही काहीसा हेच सांगतो. मधली महत्त्वाची माणसे उचलली की उरलेले नवे दुवे जोडतात, आणि जाळे कधी कधी आधीपेक्षा कार्यक्षम होते. अर्धवट अँटिबायोटिक घेतल्यावर उरतात ते जंतू कसे असतात, हे मी रोज सांगते, तोच प्रकार.

तरीही जाळ्याच्या नकाशाने लष्कराला एक मोठे यश मिळवून दिले. 2003 मध्ये इराकमध्ये अमेरिकेने हव्या असलेल्या 55 जणांची यादी पत्त्यांच्या कॅटवर छापून सैनिकांना वाटली होती. वरचे पत्ते एकेक करून सापडत गेले, पण सद्दाम हुसेन सापडेना. तिक्रितमधल्या सैन्याने मग हुद्दे सोडून नातीगोती मांडायला घेतली: अंगरक्षक कोण, त्यांचे चुलतभाऊ कोण, सोयरीक कुठली. यादीत नसलेल्या लोकांचा तो तक्ता होता. 13 डिसेंबर 2003 ला त्याच धाग्याने ते अद-दौर गावातल्या खड्ड्यापर्यंत पोचले. पुढे 2005 मध्ये अमेरिकी लष्कराच्या मागणीवरून तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 'नेटवर्क सायन्स' या नावाचाच अहवाल काढला. या शास्त्राचा पाया अजून कच्चा आहे, हे त्याने सरळ सांगितले. पण पाया भरेपर्यंत कोणी थांबले नाही. डिसेंबर 2006 च्या बंडखोरीविरोधी लष्करी हस्तपुस्तिकेत ओळखींच्या जाळ्याचे विश्लेषण कसे करावे याचे परिशिष्ट आले, 2009 मध्ये लष्करी प्रयोगशाळेने विद्यापीठांना जोडून घेऊन मोठा कार्यक्रम सुरू केला.

मला यातली एक गोष्ट डॉक्टर म्हणून स्वस्थ बसू देत नाही. कोण कोणाला फोन करतो, कोण कुठे जातो, एवढ्यावरून नकाशा काढला तर त्यात मोठी गाठ कोणाची दिसेल? संशयिताची दिसेलच. पण सगळ्यांशी ज्याचा संबंध येतो त्या गावच्या डॉक्टरचीही दिसेल. सुईणीची, किराणावाल्याची, पत्रकाराची दिसेल. ही कल्पना नव्हे. 2015 मध्ये उघड झालेल्या अमेरिकी कागदपत्रांत, पाकिस्तानातल्या मोबाइलच्या नोंदींवरून अल-कायदाचे निरोपे शोधण्याच्या एका संगणकी पद्धतीने ज्याला वरच्या क्रमांकावर ठेवले होते तो अल जझिरा वाहिनीचा इस्लामाबादचा ब्यूरो प्रमुख होता. बातमीसाठी तो अशा लोकांना भेटत होता, प्रवास करत होता. जाळ्यात त्याची जागा आणि निरोप्याची जागा सारखीच दिसली. आम्ही चुकीच्या माणसाला लस टोचली तर त्याचा दंड दुखतो. त्यापलीकडे फारसे काही होत नाही.

शास्त्रज्ञांच्याही हातून ही दुधारी वस्तू सुटते. चीनमधल्या वांग आणि रोंग या दोघा संशोधकांनी 2009 मध्ये अमेरिकेच्या वीजजाळ्यावर एक शोधनिबंध लिहिला: कमी भाराच्या गाठींवर घाव घातल्यास काही परिस्थितीत बिघाडांची साखळी अधिक मोठी होते. सुरक्षिततेच्या शास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकात तो छापला होता. पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे तो हल्ल्याची योजना असल्यासारखा मांडला गेला. लेखकांचे म्हणणे होते की आम्ही जाळे वाचवायला लिहिले. मला ते खरे वाटते. पण त्या निबंधात 'वाचवा' आणि 'तोडा' यांसाठी वेगळी समीकरणे नाहीत, हेही तितकेच खरे.

आता परत नॉटपेट्याकडे. ते इतके पसरले कसे, हे एखाद्या साथरोगाच्या फाइलसारखे वाचता येते. विंडोजमधल्या एका त्रुटीचा फायदा घेणारे हत्यार अमेरिकेच्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने गुपचूप बनवून ठेवले होते. एप्रिल 2017 मध्ये ते चोरांनी उघड्यावर टाकले. मायक्रोसॉफ्टने त्रुटी बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, म्हणजे लस साथीच्या आधी उपलब्ध होती. पण मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या हल्ल्याने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या हजारो रुग्णांच्या वेळा रद्द करायला लावल्या, तेव्हा दिसले की ती टोचून घेतलेले किती कमी होते. जूनच्या नॉटपेट्यात आणखी एक युक्ती होती. संगणकाच्या स्मृतीत पडून असलेले पासवर्ड तो उचलायचा आणि त्यांच्या बळावर लस घेतलेल्या संगणकांतही शिरायचा. एक बेसावध दार उघडे मिळाले की आतली सगळी दारे त्याच किल्लीने उघडत. युक्रेनमधल्या एका मोठ्या बँकेचे जाळे 45 सेकंदांत कोसळल्याचे सांगतात.

मग तो युक्रेनच्या सीमेवर थांबला नाही. रशियाच्याच रोसनेफ्ट या तेल कंपनीलाही त्याने गाठले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील हेरिटेज व्हॅली या रुग्णालय समूहात रुग्णांच्या याद्या, इतिहास, प्रयोगशाळेचे अहवाल उघडेनात. शस्त्रक्रिया, हृदयविकार, क्ष-किरण विभागांच्या यंत्रणा आठवडाभर अडल्या. मर्क या औषध कंपनीचे उत्पादन विस्कळीत झाले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या 'गार्डासिल 9' लशीचे डोस तिला अमेरिकी सरकारच्या राखीव साठ्यातून उसने घ्यावे लागले. कीव्हवर नेम धरलेला घाव एका मुलीच्या दंडात टोचायच्या लशीपर्यंत पोचला. हल्ला करणाऱ्यांना त्या मुलीशी देणेघेणे नव्हते, आणि माझ्या बीडच्या रुग्णाशी तर नव्हतेच.

युद्धात नागरी रुग्णालयांवर हल्ला करू नये, असे 1949 चा चौथा जिनिव्हा करार सांगतो. छपरावर लाल क्रॉस रंगवला की वैमानिकाला वरून दिसावा, ही त्यामागची रीत. केबलमधून धावणाऱ्या प्रोग्रामला छप्पर दिसत नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने 2022 मध्ये यावर अहवाल काढून संगणकांसाठीही एखादे संरक्षक चिन्ह असावे अशी कल्पना मांडली आहे. कल्पना चांगली आहे. ज्याला नियम पाळायचेत त्याला ती उपयोगी पडेल.

आपल्याकडे 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोर प्रोग्रामने बंद पाडले. ओपीडी, भरती, तपासण्या सुमारे दोन आठवडे कागदावर चालल्या. ते लष्करी काम होते असा माझा दावा नाही. रुग्णालयाला त्याने काय फरक पडतो? तुमच्या रक्तगटाचा अहवाल उघडत नाही एवढेच रात्री दोन वाजता ब्लड बँकेतल्या माणसाला दिसते.

मर्स्क वाचली कशी, हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग. कोण कर्मचारी, कोणाला काय उघडता येते, याची नोंद ठेवणारे कंपनीचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची नक्कल ठेवत. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळे एकाच जाळ्यात असल्याने सगळे एकदम गेले. फक्त एक उरला, आफ्रिकेतल्या घाना देशात. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, त्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका सर्व्हरवरची माहिती माणसाच्या हाती विमानाने इंग्लंडला नेण्यात आली आणि तिच्यावरून पुन्हा सारे उभे केले. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले की दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने बसवले. 25 ते 30 कोटी डॉलरचे नुकसान झाले.

लोडशेडिंगने कंपनी वाचवल्याचे उदाहरण महावितरणच्या कार्यालयांत लावायला हरकत नाही. पण त्यातली वैद्यकीय गोष्ट साधी आहे: विलगीकरण. दीडशे नकला असून उपयोग नव्हता, कारण सगळ्यांचा श्वास एकाच खोलीतला. वेगळ्या खोलीतला एक जण वाचला.

आमच्या रुग्णालयात आता केसपेपर संगणकावर निघतो. चांगले आहे, रांग कमी झाली, जुने अहवाल सापडतात, मी त्याच्या बाजूची आहे. पण एम्सच्या घटनेनंतर मी वॉर्डात एक सवय लावली. महिन्यातून एका दुपारी दोन तास संगणक बंद. नवीन आलेल्या मुलामुलींनी भरतीची नोंद, औषधांचा तक्ता, रक्ताची मागणी हाताने लिहायची. पहिल्या वेळी एका इंटर्नला इन्शुलिनचा डोस लिहिताना 'युनिट' पूर्ण लिहायचे असते हेच ठाऊक नव्हते. आकड्यापुढच्या घाईच्या 'यू'चे शून्य वाचले गेले की डोस दसपट होतो. संगणक ते आपोआप भरत होता. सिस्टर मात्र खूश असतात, कारण त्या दोन तासांत सगळे त्यांनाच विचारायला येतात. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांची रोजची औषधे रात्री आठला छापून एका फाइलमध्ये लावतो. बॅकअपची एक डिस्क आठवड्यातून एकदा जोडायची, नक्कल झाली की काढून कपाटात ठेवायची. ती कायम जोडून ठेवली तर सोयीचे पडेल, असे सुचवणारा कोणी ना कोणी दरवर्षी भेटतो.

त्या ट्रेलरचालकासारख्यांसाठीही एक बदल केला. बंदरावर येणाऱ्या मधुमेही आणि रक्तदाबाच्या चालकांना आम्ही आठवड्याच्या जास्तीच्या गोळ्या देतो आणि सांगतो, या वेगळ्या डब्यात, गाडीतच ठेवा, घरी नेऊ नका. फार्मसीच्या खिडकीवर त्यावरून कुरबुर होते. नियमात बसत नाही म्हणतात. मग मला खाली जाऊन सही करावी लागते. मागच्या आठवड्यात एका चालकाने विचारले, "मॅडम, लाइन तर आता लवकर सरकते, या कशाला?"

मी त्याला डबा दिला आणि पुढच्याला आत बोलावले.